दिवा लागल्यानंतरचे ५२ किलोमीटर

एका रात्री माझी गाडी पेट्रोल संपून महामार्गाच्या कडेला बंद पडली. पुढचा पंप ७ किलोमीटरवर होता. गाडीत धाकटा भाऊ होता आणि मागच्या सीटवर ७२ वर्षांची आत्या. भावाला आकडे टिपून ठेवायची सवय आहे, त्यामुळे त्या रात्रीचा सगळा प्रवास त्याच्या फोनमध्ये वेळेसकट उतरलेला होता. पुढे टाकी भरताना आणि मिस्त्रींकडे टाकीतला पंप उघडल्यावर आणखी आकडे हाती आले. ते सगळे शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की मी ज्याला जबाबदार धरत होतो, ते कारणच नव्हतं.

गाडी साधी आहे. चार सिलिंडर, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर. टाकी पुस्तिकेप्रमाणे ४२ लिटरची. साधारण ६ लिटर उरले की दिवा लागतो, असंही त्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. माझं रोजचं ॲव्हरेज १६ च्या आसपास. सहा सोळे शहाण्णव. हा शहाण्णवचा आकडा माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं पक्का बसलेला होता आणि तो मी एकदाही तपासलेला नव्हता.

रात्री ९.२०

सपाट महामार्ग, वेग ताशी ९५, एसी चालू. मीटर ६१,२१४ वर असताना दिवा लागला. बारीकसा टिंग असा आवाजही झाला. पडद्यावर उरलेलं अंतर ६२ किलोमीटर दिसत होतं. भावाने लगेच ट्रिप मीटर शून्यावर आणला.

एक पंप ६ किलोमीटर मागे गेला होता, तोही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. गाडी वळवायची जागा ३ किलोमीटर पुढे होती. म्हणजे ३ पुढे, ९ मागे, पेट्रोल भरून परत इथवर. परत वळून या बाजूला येणं धरून सगळा मिळून २० किलोमीटरचा फेरा, पेट्रोलच्या भाषेत सव्वा लिटर. पुढचा पंप ३८ किलोमीटरवर, घाट उतरल्यानंतर.

भाऊ म्हणाला, "दादा, बासष्ट दाखवतंय आणि पंप अडतीसवर आहे. मागे कशाला जायचं?"

मला पटलं. किंबहुना मी मनात शहाण्णव धरून चाललो होतो, त्यामुळे ६२ हा आकडाच मला भित्रा वाटला. आम्ही पुढे निघालो, आणि वेगही कमी केला नाही.

पहिले १७ किलोमीटर त्याच वेगाने गेले. ट्रिपवर ॲव्हरेज १५.५ आलं, म्हणजे १.१ लिटर जळालं. पडद्यावर ४४ उरले. इथपर्यंत सगळं हिशेबात बसत होतं.

मग घाट लागला. १२ किलोमीटरची चढण, वर ट्रक, दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा. पडद्यावरचा आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. ४० म्हणता म्हणता ३१, मग २४. गाडी एक किलोमीटर पुढे जायची आणि आकडा तीनने खाली यायचा. अर्ध्या चढणीवर रांग लागली होती, वर कुठेतरी एक ट्रक बंद पडला होता. तिथे आम्ही ४० मिनिटं उभे होतो. इंजिन चालू, एसी चालू. मी एकदा किल्लीला हात लावला, पण आत्याचा श्वास आधीच जड झाला होता. "राहू दे रे, आत्ता हलेल रांग," ती म्हणाली. मी हात काढून घेतला. १७ वरून आकडा गेला आणि त्या जागी नुसत्या तीन रेघा आल्या.

उताराचे ९ किलोमीटर शांतपणे गेले. भावाने न्यूट्रल टाकायला सांगितलं, ते मी ऐकलं नाही. त्याचं कारण पुढे देतो. १०.४९ ला पंपावर पोचलो, तर पंप बंद. साखळी लावलेली, दिवे मालवलेले. राखणदाराने सांगितलं की पुढचा पंप २१ किलोमीटरवर.

तिथून एसी बंद, काचा खाली, चौथा गिअर, ताशी ५५. भाऊ बोलायचा थांबला होता. १४ किलोमीटर गेल्यावर एका पुलाकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर गाडीने पहिला गचका दिला. पाय उचलला, सावरली. परत पाय दिला, परत गचका, या वेळी लांब. तिसऱ्यांदा इंजिन गेलं. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, हे आठवलं म्हणून एकदाच आणि ठामपणे ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. मीटर ६१,२६६. दिवा लागल्यापासून बरोबर ५२ किलोमीटर.

चारी दिवे लुकलुकते ठेवले, त्रिकोण बराच मागे नेऊन लावला, आणि आत्याला हाताला धरून कठड्याच्या पलीकडे नेलं. अंधारात बंद गाडीत बसून राहणं धोक्याचं असतं, मागून येणाऱ्याला उभी गाडी चालती वाटते. मदतीची गाडी यायला १ तास ४० मिनिटं लागली. एवढा वेळ आत्या एका दगडावर शाल गुंडाळून बसली होती आणि आम्हा दोघांनाच धीर देत होती.

कॅनमधून ५ लिटर घातलं. मदतीला आलेल्या मुलाने मला लगेच सेल्फ मारू दिला नाही. "किल्ली फक्त एक घर फिरवा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असं चार वेळा." मागच्या सीटखालून पंपाचा बारीक घूं असा आवाज ऐकू येत होता, रिकाम्या झालेल्या नळीत पेट्रोल चढत होतं. पाचव्या वेळी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

टाकीत काय उरलं होतं

७ किलोमीटरवरच्या पंपावर पहिल्या ऑटो कटपर्यंत, म्हणजे पेट्रोलची नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरली. ३६.७ लिटर बसलं. टाकी ४२ ची, म्हणजे भरण्याआधी आत ५.३ होतं. कॅनमधल्या ५ लिटरपैकी ०.४ वाटेत जळालं असेल, उरलं ४.६. फरक ०.७ लिटरचा. म्हणजे गाडी बंद पडली तेव्हा टाकीत पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल होतंच.

ऑटो कट नेहमी अगदी त्याच पातळीला होतो असं नाही, आणि छापील ४२ हाही गोळाबेरीज आकडा. तरी पाव लिटर इकडे किंवा तिकडे धरला तरी टाकी कोरडी नव्हती हे नक्की.

मग इंजिन का गेलं? ०.७ लिटर म्हणजे ७०० घन सेंटिमीटर. टाकीचा तळ ८० बाय ५० सेंटिमीटरचा सपाट धरला, तर एवढं पेट्रोल पसरून त्याचा थर दोन मिलिमीटरसुद्धा होत नाही. रस्ता शंभर मीटरला चार मीटर चढत असेल, तर त्या ५० सेंटिमीटर लांबीत पुढची आणि मागची कड यांच्यात २ सेंटिमीटरचा फरक पडतो. सगळं पेट्रोल मागच्या कडेला जाऊन साचतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. प्रत्यक्ष तळाला खोलगट भाग असतात, आणि पंपाभोवती एक छोटी बादली असते, जी वळणावर किंवा चढावर काही क्षणांपुरतं पेट्रोल धरून ठेवते. तो पहिला गचका त्या बादलीतलं पेट्रोल संपल्याचा होता. टाकी रिकामी व्हायच्या आधी चढानेच गाडी थांबवली.

दिवा लागल्यापासूनचा खर्च असा: सपाटीवर १.१, चढण आणि रांग मिळून २.२, उतारावर ०.२, शेवटच्या १४ किलोमीटरला ०.७. एकूण ४.२ लिटर. त्यात उरलेले ०.७ मिळवले की ४.९. म्हणजे माझ्या गाडीचा दिवा ६ वर लागलाच नव्हता, ५ च्याही किंचित खाली लागला होता.

मिस्त्रींच्या टेबलावर

पुढच्या आठवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून गाडी मिस्त्रींकडे नेली. यंत्र लावल्यावर पी०३०० हा कोड निघाला, म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर झाल्याची, पेट्रोल नीट न पेटल्याची नोंद. ती त्या चढावरचीच होती. अशा मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. आमच्या बाबतीत तीन गचक्यांवर निभावलं.

मी त्यांना पंपही उघडून बघायला सांगितलं. मागची सीट उचलली, गोल झाकण काढलं, मोठी प्लास्टिकची कडी सोडवली आणि काळी टोपली अलगद वर काढली. तिच्या तळाशी जाळीचा मोजा होता, बोटाने चेपल्यावर तपकिरी गाळ दिसला. बाजूला वाकड्या तारेचा हात आणि त्याच्या टोकाला साबणाच्या छोट्या वडीएवढा तरंगणारा ठोकळा. काटा चालतो तो याच ठोकळ्यावर. पेट्रोल उतरतं तसा ठोकळा उतरतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाची टिकली एका छोट्या पट्टीवरच्या रेघांवरून सरकते. सरकते तसा विजेचा रोध बदलतो, तो मीटरला कळतो. आमच्या पट्टीवर त्या रेघा दोन ठिकाणी घासून चकचकीत झाल्या होत्या. मिस्त्रींनी हात सावकाश खाली आणला, तर खालच्या टोकाशी तो थोडा अडखळत होता.

"वर अडकला की मीटरला पेट्रोल जास्त दिसतं. दिवा उशिरा लागतो," ते म्हणाले.

पुस्तिकेतल्या ६ चे ५ कुठे झाले याचं मला पटलेलं उत्तर हेच. गाडी जुनी होत जाते तसा तो आकडाही सरकतो, आणि पुस्तिका काही बदलत नाही.

त्या गाळाबद्दल एक सांगायला हवं, कारण याबाबत एक समज फार पसरलेला आहे: रिझर्व्हवर गाडी चालवली की तळाचा गाळ ओढला जातो. पंप पेट्रोल नेहमी तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असो वा नसो. फक्त कमी पेट्रोल हिंदकळताना गाळ जास्त ढवळला जातो. खरा धोका पंपाला आहे. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. हवा ओढत फिरला की तापतो. डिझेल गाडीत हे प्रकरण आणखी महागात पडतं, कारण तिथला जास्त दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि नळ्यांत हवा शिरली की ती काढल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

बासष्ट खोटं होतं का?

पहिले काही दिवस मी त्या पडद्यालाच दोष देत होतो. ६२ सांगितले आणि ५२ ला बंद पडली. पण हिशेब मांडल्यावर माझं मत बदललं.

हा आकडा नुसत्या टाकीतून येत नाही. गाडीचा संगणक मागच्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज घेतो आणि त्याच्या मते वापरता येण्याजोग्या उरलेल्या लिटरशी त्याचा गुणाकार करतो. दिवा लागण्याआधी आम्ही तासभर सपाट रस्त्यावर १६.५ च्या ॲव्हरेजने आलो होतो. ६२ भागिले १६.५ म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. टाकीत होतं ४.९. म्हणजे संगणकाने लिटरभराहून थोडं जास्त पेट्रोल हाताशी राखून ठेवलं होतं. लिटरच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कितीतरी सावध होता. चुकलं ते ॲव्हरेज, कारण पुढे घाट आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ५२ किलोमीटर ४.२ लिटरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ॲव्हरेज १२.४ पडलं.

घाटाचा खर्च टाळता येण्यासारखा नव्हता. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ४५० मीटर वर चढवायला सुमारे ५.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास असते, पण इंजिन त्यातली तीसेक टक्केच चाकांना देतं. म्हणजे निव्वळ उंची गाठायला अर्धा लिटरहून थोडं जास्त, आणि १२ किलोमीटर जाण्याचा नेहमीचा खर्च वेगळा. चढणीला दीड लिटर गेलं ते याच हिशेबाने.

उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, गाडी गिअरमध्ये असेल तर. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. भावाचं मी ऐकलं नाही ते यासाठी. किल्ली बंद करून उतरणं हा तर विचारही नको, स्टिअरिंगला कुलूप लागू शकतं.

वेगाचं काय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९५ ला तो ताशी ६५ च्या दुपटीहून जास्त असतो. दिवा लागताच ६५ वर आलो असतो तर पहिल्या १७ किलोमीटरमध्ये पाव लिटर वाचलं असतं. ५५ च्या वेगात त्यावर गाडी ५ किलोमीटर जाते.

आणि रांगेतली ती ४० मिनिटं. चढण आणि रांग मिळून २.२ लिटर गेलं, त्यातलं ०.७ निव्वळ उभं राहून. एसीसकट उभं इंजिन तासाला लिटरभर पितं, हे मला वाचून माहीत होतं. पण ते किलोमीटरमध्ये मोजून कधी पाहिलं नव्हतं. आमचं शेवटच्या टप्प्यातलं ॲव्हरेज २० होतं. ०.७ लिटर म्हणजे १४ किलोमीटर. पंप ७ वर होता.

मी किल्लीला हात लावून काढून घेतला, त्याच क्षणी हे प्रकरण फिरलं होतं. रांग पूर्ण थांबलेली होती, हँडब्रेक ओढून इंजिन बंद करणं सुरक्षित होतं. आत्यासाठी काचा खाली करता आल्या असत्या, घाटात बाहेरची हवा गार होती. ते सुचलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

तरी मुख्य चूक ९.२० चीच, असं माझं मत आहे. रांगेत इंजिन बंद ठेवून आम्ही कसेबसे पोचलो असतो. मागे वळलो असतो तर १२ किलोमीटरवर टाकी भरली असती. सव्वा लिटर मला फार वाटलं होतं.

आता गाडीत लावलेली चिठ्ठी

पंपाची ती टोपली साफ केली, ठोकळ्याची पट्टी बदलली आणि मग मी माझ्या गाडीचा रिझर्व्ह मोजला. दिवा लागला की मीटरचा आकडा लिहायचा, लगेच जवळच्या पंपावर जायचं आणि पहिल्या ऑटो कटला थांबून बसलेले लिटर लिहायचे. वाटेत जळालेलं वजा करून तीन वेळचे उरलेले लिटर ५.६, ५.९ आणि ५.४ निघाले. इतका फरक पडणारच. दिवा लागण्याच्या क्षणी गाडी वळणावर आहे की चढावर, यावर तो हलतो.

चिठ्ठीसाठी मी यातला सर्वांत कमी आकडा घेतला, ५.४. त्यातून चढावर हाती न लागणारं म्हणून एक लिटर काढलं. बाकी ४.४ ला रोजच्या १६ ने न गुणता त्या रात्रीच्या घाटातल्या आकड्याने गुणलं. चढण आणि रांग मिळून २९ किलोमीटरनंतर ट्रिपवर ८.८ दिसत होतं. गुणाकार ३८.७ आला. चिठ्ठीवर मी ३५ लिहिलं. भावाला ते फारच कमी वाटतं.

त्याच्याशी माझा आणखी एक वाद अजून मिटलेला नाही. महिन्याभराने दिवसाउजेडी त्याच रस्त्याने येताना आम्ही त्या पुलाजवळ थांबलो. गाडी बंद पडली होती तिथून चढाचा माथा त्याने पावलांनी मोजला. १८० मीटर भरला. "दादा, एवढंच ढकलायला हवं होतं. पलीकडे उतार आहे, मग सपाटी. पेट्रोल टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी परत आलं असतं आणि ७ किलोमीटरला ०.३५ पुरलं असतं. आत दुप्पट होतं."

हिशेब बरोबर आहे. ०.७ मधलं थोडं कधीच ओढलं जात नाही हे धरूनही बहुधा आम्ही पोचलो असतो. मी त्याला इतकंच विचारलं, की त्या अंधारात चढावरून गाडी आपण दोघांनी ढकलायची, तर स्टिअरिंग कोणी धरायचं. तो मागच्या सीटकडे बघून गप्प बसला. आत्याला गाडी चालवता येत नाही.